पाळीव पीस

"तुमचा पांढऱ्या पिसाचा हंस मेला, हे आता मान्य करा," दुर्बीण खाली ठेवत साहेब म्हणाले.

छत्रीवाला तळ्याकडेच बघत राहिला. रानहंसांचा चौथा थवा तळ्यावर घिरटी घालून पाण्यात उतरला. सगळे पंख राखाडी. त्यांत पांढरं काही म्हणजे काही नाही.

पक्ष्यांच्या दवाखान्यात लागण्याआधी तो छत्र्या दुरुस्त करायचा, म्हणून हे नाव. इथे पक्ष्याच्या तुटक्या पिसाच्या पोकळ दांड्यात बांबूची बारीक सळी घालायची, तिच्यावर दुसरं पीस चढवायचं, डिंकाने पक्कं करायचं. हे काम त्याला शिकवावं लागलं नाही. गेल्या हिवाळ्यात तारेत अडकलेला एक रानहंस आला, तेव्हा पिसांच्या पेटीत नेमकं राखाडी पीस नव्हतं. त्याने शेजारणीच्या पाळीव हंसाचं गळलेलं पांढरं पीस बसवलं.

"पाळीव पीस लावून रानातला कसा उडायचा हो?" डॉक्टरीणबाई हसल्या होत्या.

उडाला. थेट डोंगरापलीकडे. पायात सतरा नंबरची पिवळी कडी, पंखात ठिगळ.

मग बाईंची बदली झाली आणि हे साहेब आले. "सोडलेले पक्षी जगतात याला पुरावा काय? या हिवाळ्यात परत आलेला एक तरी दाखवा. नाहीतर दवाखाना बंद आणि तुम्ही फाटकावर पहाऱ्याला."

मेलेला पक्षी सापडतो, म्हणून तो पुरावा. जगलेला निघून जातो, कार्यालयात सही करायला येत नाही. पण खुर्ची मिळाली की माणसाला एवढं साधंही कळेनासं होतं. तीन आठवडे तळ्याकाठी शोध चालला होता. आजचा दिवस शेवटचा. फाटकाच्या नेमणुकीचा कागद साहेबांच्या हातात तयार होता.

दुपारी बायको डबा घेऊन आली.

"सापडला का तुमचा लाडका?"

"नाही."

"मग तोंड पाडल्याने सापडणार आहे का? जेवा आधी. आणि आणा ती दुर्बीण इकडे."

थवा पाण्यातून निघून गवतात चरायला आला होता.

"अहो, त्या एकाच्या पायात पिवळं काय आहे?"

"पंख बघ. पांढरं पीस दिसतंय?"

"नाही."

"मग तो नव्हे."

"तुम्ही पिसं बघत बसा. मला पाय दिसतोय. एक... आणि सात."

त्याने दुर्बीण जवळजवळ हिसकावलीच. सतरा! पंख मात्र साफ राखाडी. आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. हंस दर उन्हाळ्यात पंखांतली सगळी मोठी पिसं टाकतो, नवी आणतो. शेजारणीच्या अंगणातून दरवर्षी तीच तर तो गोळा करायचा! जगला असेल तर ज्याच्या अंगावर पांढरं पीस उरणारच नव्हतं, त्याचं पांढरं पीस तो तीन आठवडे शोधत होता.

"मागे तीन पिल्लं पण आहेत," बायको म्हणाली. "डोक्यावर मोठ्यांसारखे काळे पट्टे नाहीत त्यांच्या."

"म्हणजे यंदाचीच."

"घ्या! न सांगता आजोबा झालात."

तो इतका मोठ्याने हसला की साहेब धावत आले. त्यांनी नंबर तीनदा वाचला.

"पण तुमचं पीस कुठाय?"

"पडलं, साहेब. त्याला त्याचं आलं."

साहेबांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

"खिशात कशाला?" बायको म्हणाली. "फाडा की."

त्यांनी फाडला. तेवढ्यात थवा उठला, पंखांचा आवाज डोक्यावरून गेला. छत्रीवाल्याने सवयीने पांढरं शोधलं. मग दुर्बीण बायकोच्या हातात दिली आणि नुसत्या डोळ्यांनी वर बघत राहिला. त्यातला आपला कोणता, ते काही ओळखू येईना.