कोणाला फोन लावू?

दुकानात शिरले आणि मला वाटलं, आपण चुकून डोळ्यांच्या दवाखान्यात आलो. पांढरेफटक दिवे, काचेची टेबलं, गार हवा. टेबलांवर फोन मांडलेले आणि एकेकाच्या मागे वायर बांधलेली, दावणीची गुरं बांधावीत तशी. सेलूत असं दुकान निघालंय हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"या काकू, केळझरच्या ना? अंकितदादानं फोन करून सांगतलं आहे मले, पैसेबी धाडले त्यानं," एक मुलगी पुढे आली. तिच्या शर्टावर नावाची पट्टी होती, पण माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, मला ती वाचता येईना. तिनंच सांगितलं, नाव स्वीटी.

आमच्या यांना मी दाराजवळच्या स्टुलावर बसवलं. त्यांच्या गळ्यात दोरीला अडकवलेला माझा जुना बटनांचा फोन होता. तो नीट छातीवर ओढून दिला आणि म्हटलं, "इथंच बसा. हलू नका." त्यांनी मान हलवली. मान ते नेहमीच हलवतात.

पूर्वी हे असे नव्हते. सेलूच्याच जिनिंगमध्ये काट्यावर होते, कापसाच्या गाड्या तोलायचे. नुसत्या नजरेनं गाडीचं वजन सांगायचे. आता मात्र जेवण झालं की नाही हे मला विचारतात. घरातून निघतात आणि परतीचा रस्ता हरवतात. केळझरात त्याची फिकीर नव्हती. टेकडीवर गणपतीपाशी दिसले तर कोणीही हाताला धरून घरी आणून सोडतं. पण या उन्हाळ्यात हे पार हायवेवर गेले. एका ट्रकवाल्यानं आणून सोडलं आणि वर मलाच रागावला.

ते अंकितच्या कानावर गेलं. अंकित आमचा मुलगा, पुण्याला कंपनीत आहे. तो म्हणाला, "आई, आता तुमी दोघं पुण्याले चला." मी नाही म्हटलं. मागच्या खेपेला नेलं होतं, तर हे दिवसभर लिफ्टपाशी उभे. दार उघडलं की आत डोकवायचे आणि "हे आपलं घर नाई" म्हणून मागे फिरायचे. त्या बिल्डिंगीत यांचं जे थोडंफार उरलंय तेही संपेल, असं मला वाटतं. मी रडले, भांडले. शेवटी तो म्हणाला, "बरं. नवा फोन घे. दुकानातूनच, स्वतः, कोणाच्या मदतीशिवाय बाबाले फोन लावून दाखव. जमलं तर राहा तिथंच. नाई तं दिवाळीनंतर मी घ्यायले येतो."

म्हणजे मी फोन घ्यायला आले नव्हते, परीक्षेला बसले होते.

स्वीटीनं डब्यातून नवा फोन काढला, त्यात नवं सिम घातलं आणि माझ्या हातावर ठेवला. नुसती काच. बटन एकही नाही. मी बोट दाबलं. काही झालं नाही. जोरात दाबलं, तर सगळी चित्रं थरथरायला लागली.

"हलकं, काकू. दाबू नका. नुस्तं सरकवा, भाकरीवरचं पीठ झटकते तसं."

मी झटकलं. चित्रं सगळी निघून गेली.

"कुठं गेली?"

"कुठंच नाई गेली. मागं आहे."

मी फोन उलटा करून मागं पाहिलं. मागं काहीच नव्हतं. स्वीटी हसली नाही, हे तिचं मोठेपण. पण ओठ दाबून धरले, ते मोतीबिंदूतूनही दिसलं मला.

मग तिनं कुठंतरी बोट लावलं आणि काचेत एक बाई आली. गोरी, गुळगुळीत, माझीच साडी नेसलेली.

"हे कोण?"

"तुमीच न, काकू."

"माझ्या गालावरचा तीळ कुठं गेला?"

"फोन आपोआप साफ करते."

"मी सांगतलं होतं का त्याले साफ करायले?"

साठी ओलांडेपर्यंत ज्या तिळाबरोबर राहिले तो एका झटक्यात गायब! मी फोन घेऊन यांच्याकडे गेले, म्हटलं निदान यांना तरी दाखवावं. त्यांनी काचेकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "चांगली आहे बाई. कोणाच्या घरची?"

फोनवर चिडावं की यांच्यावर, मला कळेना. मी परत टेबलापाशी आले.

"आता खरी गंमत पाहा," स्वीटी म्हणाली. "तुमाले आकडे दिसत नाई ना? पाहाची गरजच नाई. याच्यात एक बाई आहे. तिच्याशी बोलाचं. मी दादाचा अन् काकांचा नंबर टाकला आहे, ज्याच्या त्याच्या नावानं." तिनं काचेला बोट लावलं आणि आतून गोड, शुद्ध आवाज आला:

"कोणाला फोन लावू?"

"आता काकांचं नाव घ्या अन् म्हना, यांना फोन लाव."

मी पदर सारखा केला.

"बोला न, काकू."

आता हिला कसं सांगू? मी यांचं नाव आयुष्यात एकदाच घेतलं, लग्नात, तेही उखाण्याच्या आडोशानं. त्यानंतर नाही. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की मी शेजारणीला पुढं करायची. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं. मी काही तेवढी भोळी नाही. टीव्ही पाहते, मला कळतं. पण जिभेला कोण समजावणार? आणि आता हे स्वतःच रोज थोडे थोडे घटत चाललेत, तर आपल्या तोंडून कशाला त्यात भर, अशी भीती वाटते. खरंच वाटते.

"आमच्या यांना लाव," मी काचेला म्हटलं.

"माफ करा, मला समजलं नाही," आतली बाई म्हणाली.

"घरधन्याले लाव."

तिनं मला घरांची चित्रं दाखवली. विकाऊ घरं, गच्चीवाली.

"नाव घ्या, काकू. लाजता काऊन?" स्वीटी म्हणाली. ती आजकालची पोरगी, हिचं लग्न होईल तेव्हा ही नवऱ्याला अरेतुरे करेल आणि तो खूशही होईल. मला घाम फुटला होता, त्या गार हवेत. शेवटी मला वाटलं, सापडली युक्ती.

"अंकितच्या बाबाले फोन लाव."

"अंकितला फोन लावत आहे."

"अगं त्याले नाई! त्याच्या बाबाले! थांब!" पण ती बाई कुठली थांबते. काचेत अंकित उगवला, मागे ऑफिस, गळ्यात पट्टा.

"आई? मले काऊन लावला? बाबाले लावाचं होतं ना?"

"चुकून लागला."

"पाह्य. नाई जमत न तुले?" पुण्याला गेल्यापासून हा अर्धा तिकडचं बोलतो. चिडला की मात्र पूर्ण घरचा होतो. "आई, मी रागावून नाई राह्यलो. पन उद्या बाबा पुन्हा हायवेवर गेले तं तू काय करशीन? मी तिकिटाचं पाहतो."

"अजून दुकानातच आहो मी! परीक्षा संपली नाई माझी!"

"बरं. एकदा पाह्य आनखी," तो म्हणाला आणि काचेतून गेला.

माझा चेहरा पाहून स्वीटीच्या डोक्यात एकदम उजेड पडला असावा. "काकू, तुमी काकांचं नाव घेत नाई का?"

मी मान हलवली.

"मंग सांगाचं न! माझी आजीबी नाई घेत. थांबा, 'मालक' असं टाकते." तिनं काचेवर चार टिचक्या मारल्या. "आता म्हना."

इतकं सोपं होतं तर! मला त्या पोरीचे गाल ओढावेसे वाटले. मी फोन तोंडाशी धरला आणि ठणकावून म्हटलं, "मालकाले फोन लाव."

"मालक यांना फोन लावत आहे."

आणि दाराकडून माझ्या जुन्या फोनची घंटी वाजायला लागली. लागला! मी स्वतः लावला! आता उचलतील, 'हॅलो' म्हणतील, मी अंकितला तोंडावर सांगीन, या आनंदात मी वळून पाहिलं.

स्टुलावर फोन होता. दोरीसकट. हे नव्हते.

दोरी मानेला टोचते अशी त्यांची रोजची कुरकुर. काढून ठेवली आणि गेले. फोन आपला स्टुलावर एकटाच वाजतोय, थरथरत गोल फिरतोय.

मी धावले. नवा फोन हातातच होता, हेही लक्षात नव्हतं. मागून स्वीटी "काकू, फोन! काकू!" करत. बाहेर बाजाराचा दिवस. भाजीवाले, भोंगे, गाड्या, पांढरे सदरे आणि टोप्याच टोप्या. माझ्या डोळ्यांना सगळे आमचे हेच दिसायला लागले. डावीकडे जावं की उजवीकडे, काही सुचेना.

"अहो!" मी ओरडले.

बाजारातले सगळे म्हातारे वळले. प्रत्येकाच्या घरी त्याला कोणीतरी 'अहो' म्हणणारी असणारच. त्यांच्यात माझा नव्हता.

"अंकितचे बाबा! ओ, अंकितचे बाबा!"

कोणीच वळलं नाही. आणि तेव्हा मला कळलं की आज ते अंकितचे बाबा नसतील. कधी कधी ते अंकितच्या आधीच्या काळात असतात. तिथं मी 'अंकितचे बाबा' म्हणून कितीही बोंबलले तरी त्यांना त्याचं काय? पलीकडच्या हायवेवरून ट्रकचा भोंगा वाजला.

मी डोळे मिटले आणि जीव काढून ओरडले, "रूपराव! ओ रूपराव!"

आपलाच आवाज मला परका वाटला. आभाळ काही कोसळलं नाही. एका कांदेवाल्याच्या काट्यापाशी उभा असलेला एक म्हातारा तेवढा वळला. कांदे तोलताना काटा कुठं चुकतोय हे तो त्या माणसाला समजावत होता. माझ्याकडे पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि तो तरातरा माझ्याकडे आला.

"तोंड आहे का काय आहे तुले?" हे दबक्या आवाजात कडाडले. "भर बाजारात नवऱ्याचं नाव घेऊन राह्यली! मायनं आयकलं तं घरात घेईन का?"

सासूबाईंना जाऊन जमाना झाला. पण किती दिवसांनी हे असे रागावले! मला ओळखून, नवऱ्यासारखे. मला हसू आलं आणि रडूही. मी त्यांचा हात घट्ट धरला. "चुकलं. नाई घेत पुन्हा."

"लोक पाहून राह्यले," ते म्हणाले. पण हात सोडवला नाही.

दुकानात परत येईपर्यंत त्यांचा राग उतरला होता, आणि रागाबरोबर बाकीचंही. स्टुलावर बसून ते पंख्याकडे बघायला लागले. स्वीटीनं त्यांना पाणी दिलं, दोरीखाली रुमाल गुंडाळून फोन पुन्हा गळ्यात घातला. ती स्वतः अजून धापा टाकत होती.

"काकू, 'मालक'च ठेवू न?"

"नाई," मी म्हटलं. "नावच टाक."

मी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेले, त्यांच्याकडे पाठ केली आणि फोन तोंडाशी धरला. थोड्या वेळापूर्वी दिलेला शब्द मी तिथंच मोडला. "रूपरावले फोन लाव."

"रूपराव यांना फोन लावत आहे."

घंटी वाजली. वाजत राहिली. मग थांबली आणि माझ्या कानात आमच्या यांचा आवाज आला. "हॅलो. कोन?"

आता आली का पंचाईत! मी कोण? यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. 'ऐकलं का', 'अंकितची आई', झालंच तर 'अवं'. मी म्हटलं, "मी जिजा."

"कोन जिजा?"

मी वळून पाहिलं. ते दहा-बारा पावलांवर स्टुलावर बसलेले, फोन कानाला दाबून, भिंतीकडे बघत. अगदी मन लावून ऐकत होते. स्वीटी खाली मान घालून उगाच डबा पुसत होती.

"घरून बोलून राह्यली," मी म्हटलं. "घरून."

"हां, मंग असं सांग न," ते म्हणाले. "येतो. भाजी काय आनू?"

"काई नको. तुमी या फक्त."

"येतो," ते म्हणाले, आणि खरंच उठले. टोपी नीट केली आणि स्वीटीला सांगितलं, "घरून फोन आला, मले जा लागते." दाराशी मी त्यांचा हात धरला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे सभ्यपणे पाहिलं आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं.

केळझरची ऑटो सुरू झाली तोच माझ्या मांडीवरचा नवा फोन वाजला. कुठं सरकवायचं ते आता ठाऊक झालं होतं. काचेत अंकित होता.

"आई, लागला का फोन बाबाले?"

"लागला. माझ्या हातानं."

"खरंच? काय म्हनाले बाबा?"

स्टुलाचं मी काही बोलले नाही. बाजाराचंही नाही. हे शेजारी बसून बाहेरची कपाशीची शेतं बघत होते आणि त्यांचा हात माझ्या हातात होता.

"येतो म्हनाले," मी सांगितलं.