पेल्यातली बोटं

रविवारी दुपारी साहेबांच्या घरी टीव्हीवर जुना सिनेमा लागला. नायक पोलीस, वेष पालटून लाचखोरांच्या टोळीत शिरलेला. मीही तेच करत होतो, फक्त माझ्या मागे कोणी बाजा वाजवत नव्हतं.

साहेब म्हणजे सरकारी औषधगोदामाचे प्रमुख. मुदत संपलेल्या इंजेक्शनांवर नवी लेबलं चिकटवून ती रुग्णालयांत पाठवायची, हा त्यांचा धंदा. मी त्यांचा ड्रायव्हर. छापा उद्या पहाटे ठरला होता. आजचा दिवस निभावला की सुटलो, असं सकाळपासून स्वतःला बजावत होतो.

"बस की रे, खांबासारखा काय उभा?" साहेब म्हणाले. "बघ, हा गाढव आता कसा सापडतो ते!"

बसवत कुठे होतं? साहेबांची लेक चिमी माझा हात ओढत होती, कोपऱ्यातल्या खुर्चीत साहेबांच्या आई, म्हणजे चिमीच्या आजी, गुडघे चोळत होत्या. हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी टेबलावरचे रिकामे पेले गोळा करू लागलो.

पडद्यावर नायक वेटर झाला होता. खलनायकाचा पेला त्याने आत दोन बोटं घालून उचलला, बाहेरचे ठसे पुसले जाऊ नयेत म्हणून.

"अरे मूर्खा, असा पेला कोण उचलतं?" साहेब टीव्हीवर खेकसले.

मी खाली पाहिलं. साहेबांचा पेला माझ्या दोन बोटांवर लटकत होता. वेष पालटण्याआधी कित्येक वर्षं मी ठसे घेण्याच्या विभागात होतो. मेली ती सवय! आजी माझ्या हाताकडे बघत होत्या. मग पडद्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

साहेबांनी मान वळवायला आणि आजींनी ओरडायला एकच गाठ पडली.

"अरे घाणेरड्या! पेल्यात बोटं घालू नकोस म्हणून कितीदा सांगू तुला? जा, विसळून आण!"

त्यांनी मला हे आधी एकदाही सांगितलं नव्हतं. साहेब खो खो हसले, "आई, तू याला माणूस करणार बघ," म्हणाले आणि परत सिनेमात बुडाले.

मी स्वयंपाकघरात पळालो. नळ सोडून पेला विसळू लागलो. मागून आजी आल्या, कपाटातून गुडघ्याच्या गोळ्या काढल्या.

"या गोळ्या तो बाहेरच्या दुकानातून आणतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "स्वतःच्या गोदामातली एक गोळी कधी मला दिली नाही. तेव्हाच कळलं होतं मला."

मी नळ बंद केला. या बाईने वर्षभर मला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं होतं. मला माझीच लाज वाटली.

"त्याचं जे व्हायचं ते होऊ दे. फक्त चिमीसमोर नको," त्यांनी माझा ओला हात धरला. "ती शाळेत गेली की या. एवढं कराल ना?"

बाहेर टीव्हीवर बंदुकीचे आवाज सुरू झाले होते आणि चिमी टाळ्या पिटत होती. छाप्याची वेळ वरून ठरलेली, ती बदलणं माझ्या हातात नव्हतं.

"करतो," मी म्हणालो.

आजींनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि चिमीचा उद्याचा डबा धुवायला घेतला.