काचेतली आयस

मृणालिनीताईंचा चातुर्मासाचा नेम सांगायला सोपा आणि पाळायला कठीण. दारी आलेल्याच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. त्यांच्या आईने रत्नागिरीकडे हा नेम जन्मभर पाळला, पण तिथे उंबरठ्याला उसंत नसे. इथे मीरा रोडला सातव्या मजल्यावर कोण येतंय? सामान आणणारा पोरगा बेल वाजवतो आणि दार उघडेपर्यंत लिफ्टमध्ये शिरलेलाही असतो. दशरथराव गेल्यापासून तर बेलसुद्धा कमीच वाजे. मुलगा पराग बंगळुरूला. त्याचा फोन रविवारी.

दुपार टळायला लागली की ताई खाली उतरून वॉचमनच्या हातावर खडीसाखर ठेवत.

"आंटी, रोज रोज मीठा! मेरेको शुगर हो जाएगा."

"खा रे बाबा. तू नाही खाल्लीस तर मी उपाशी."

अशातच दिवाणाखालची लाकडी पेटी बाहेर निघाली. ताईंच्या सासऱ्यांचा भाईंदर गावात फोटोचा स्टुडिओ होता. तो मोडला तरी दशरथरावांनी ही पेटी भाड्याच्या खोलीतून फ्लॅटपर्यंत जपत आणली, उघडली मात्र कधी नाही. आत उभ्या रचलेल्या काचा होत्या, मधेमधे पिवळे पडलेले कागद. ताईंना वाटलं, देवांच्या तसबिरींना बसतील. म्हणून एक काच ओल्या फडक्याने पुसली, तर काळं फडक्याला लागलं आणि त्याबरोबर एका माणसाचा फेटा आणि अर्धा चेहराही निघून आला. ताईंनी घाबरून शेजारी हाक मारली.

शेजारची दिव्या धावत आली. "काकू, पाणी नका लावू! निगेटिव्ह आहेत या. पूर्वी फिल्म नव्हती ना, तेव्हा काचेवर फोटो काढायचे."

तिने दुसरी काच खिडकीशी धरली, मोबाइलने फोटो काढला आणि बोटाने कायतरी करून काळ्याचं पांढरं केलं. स्क्रीनवर कानात जड दागिने घातलेली कोळीण उभी राहिली, आत्ता काहीतरी बोलेल अशी.

"आमच्या ऑफिसात उत्तनजवळच्या चौक गावची एक मुलगी आहे. तिच्या गावच्या ग्रुपवर टाकू?"

"टाक बाई. ज्याचं त्याला मिळू दे."

आणि दार वाजायला लागलं. चौकहून, उत्तनहून माणसं येऊ लागली. कुणाला आजोबा सापडले, कुणाला लग्नातली आत्या. बायका काच हातात घेऊन रडत, रडता रडता हसत. "अगो, हिचा नाक बघ, आमच्या पोरीचाच!" ताई काच जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून देत, पाणी देत, माणसं गेली की समाधानाने पान वाढून घेत. इतका सुरेख नेम त्यांच्याकडून कधी घडला नव्हता.

पण पेटी रिती होऊ लागली, तशी त्यांच्या जिवाला घोर लागला. त्यांनी दिव्याला सांगितलं, "दिवसाला एकच टाकत जा हो. माझा नेम आहे." नेमात असं काही नव्हतं. सत्तरीची बाई खोटं कशाला सांगेल, म्हणून कुणी विचारलंही नाही.

सगळ्यांत जास्त वेळा आला तो राघो. चौकचा म्हातारा कोळी, पायाने लंगडा. त्याची आई तो अंगावर पीत होता तेव्हाच गेली. थोरली बहीण आशा तेव्हा लहान होती. तिला एवढंच आठवे, की भाईंदरला आईच्या मांडीवर बसून फोटो काढला, ती रडायला लागली, म्हणून फोटोवाल्याने तिच्या हातात पितळी घंटी दिली. पुढे तो फोटो आणायला कुणी गेलंच नाही.

"वयनी, आज तरी आयस गवसली काय?" दारातूनच तो विचारायचा.

"नाही हो भाऊ. बसा, चहा टाकते."

मग तो बसायचा. वाऱ्याच्या, जाळ्यांच्या, भांडखोर सुनांच्या गोष्टी सांगायचा. "तुमचा सातवा माला म्हंजे डोलकाठीच! चक्कर कशी येत न्हाय तुमाला?" ताई पदर तोंडाला लावून हसत. दशरथरावांच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं बघून त्यांना बरं वाटे.

आणि ती काच त्यांना केव्हाच सापडली होती. राघो पहिल्यांदा येऊन गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून त्या एकेक काच उजेडात बघत होत्या. मांडीवरची पोर, तिच्या मुठीत घंटी. ताईंनी कागदात घालून ती पेटीच्या तळाशी सारली. आयस मिळाली की राघो कशाला येईल? देऊ की, आठवड्याभराने देऊ, असं त्या देवाला सांगत राहिल्या. देव काही बोलला नाही.

मग राघो येईनासा झाला. दिव्याने ऑफिसातून बातमी आणली. "काकू, त्या आशाआजी खूप आजारी आहेत. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी देवापुढचा दिवा लावायचाही तसाच ठेवला, उरलेली अख्खी पेटी कापडी पिशवीत घातली आणि रिक्षा करून तडक चौक गाठलं. पोटात चहाचा घोटही नव्हता.

आशाआजी ओटीवर, समुद्राकडे तोंड करून निजली होती. राघो उशाशी बसला होता. ताईंनी ती काच काढून आजीच्या डोळ्यांसमोर आभाळाकडे धरली. निघताना दिव्याकडून सरळ करून घेतलेला फोटो त्यांच्या फोनवर होता, तोही त्या दाखवू लागल्या. आजीने फोन बाजूला सारला.

"ह्यो नको. काचच बरी." तिचं बोट काचेवर फिरलं. उलट्या रंगात आईचे केस पांढरेशुभ्र दिसत होते. "तरनीताठी गेली बिचारी. इथं म्हातारी झालीय बग, राघो. माज्यावानी."

घरातली माणसं गोळा झाली. बायका, पोरं, सुना, सगळे काचेवर वाकले. ताई मागे सरकल्या, उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या.

राघोने तिथे येऊन हळूच विचारलं, "कवा गवसली, वयनी?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. ताईंनी खाली बघितलं. "तुम्ही पहिल्यांदा आलात ना भाऊ, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

राघोने वळून बहिणीकडे बघितलं.

"बाकीच्या काचाही आणल्यात," ताई म्हणाल्या. "गावातच राहू देत. ज्याला त्याला इथेच सापडतील."

आतून सून म्हणाली, "काकू, भात टाकलाय, जेवून जावा."

"नको गं, चातुर्मासात मी बाहेरचं खात नाही," असं म्हणून त्या निघाल्या.

राघो लंगडत स्टॉपपर्यंत सोडायला आला. एरवी ज्याचं तोंड बंद होत नसे, तो वाटभर गप्प होता. बस आली तेव्हा म्हणाला, "ती जिती असता आनलीत, वयनी. तेवडं बरं झालं."

पुन्हा येतो असं तो म्हणाला नाही, आणि ताईंनीही या म्हटलं नाही.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. त्यांनी हातपाय धुतले, देवापुढे वात सारखी करून दिवा लावला. आजचं देणं देऊन झालं होतं, जेवायला हरकत नव्हती. त्यांनी एकटीपुरता भात टाकला आणि तो शिजेपर्यंत दशरथरावांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.