मेव्हण्यांची मदत

आमच्या बचाव पथकाला दरवर्षी उत्तम पथकाचा चषक मिळायचा, त्याचं सगळं श्रेय कप्तानांच्या मेव्हण्यांना जातं.

शर्यतीची गाडी भिंतीवर आपटली, की आतल्या चालकाला धरून ओढायचं नसतं. आग नसेल तर घाईही नसते. त्याचा मणका मोडलाय असंच धरून चालायचं. एकाने डोकं धरायचं, बाकीच्यांनी पाठीमागे फळी सरकवून पट्टे आवळायचे आणि मग सगळ्यांनी मिळून त्याला सरळच्या सरळ वर घ्यायचं. डोकं ज्याच्या हातात, हुकूम त्याचा. ते काम माझं, कारण मी भूलतज्ज्ञ आहे. आयुष्यभर बेशुद्ध माणसांची डोकी सांभाळली. शुद्धीतल्यांची सांभाळणं जास्त अवघड, हे ट्रॅकवर आल्यावर कळलं.

कप्तान हे निवृत्त चालक. शर्यत एकही जिंकले नाहीत, पण हरल्याची कहाणी अशी सांगत की ऐकणाऱ्याने अभिनंदन करावं. सरावात जखमी व्हायला कुणी तयार नसे, म्हणून त्यांनी बायकोच्या भावाला आणलं. मेव्हणे पडले परोपकारी. फळी सरकवायला घेतली की ते आपणहून पुढे वाकत. उचलताना टाचा रोवून अंग हलकं करत. एकदा पथकातल्या वेल्डरला पट्ट्याचं बक्कल सापडेना, तर बेशुद्ध मेव्हण्यांनी ते शोधून त्याच्या हातात दिलं.

हा सराव नव्हे, लाड आहेत, असं मी म्हटलं. कप्तान म्हणाले, घरचा माणूस आहे, जड कशाला होईल? स्पर्धेतही जखमी आपापला आणायची मुभा होती. त्यामुळे चषक येत राहिले आणि पथकाची छाती फुगत राहिली.

मग एका शर्यतीत खरी गाडी भिंतीवर आदळली. आत एक दंतवैद्य होता, आठवडाभर दात काढून सुट्टीला गाडी पळवणारा, अंगापिंडाने चांगला भरलेला. शुद्धीवर होता. पायांना मुंग्या आल्यात म्हणाला, म्हणजे मार मणक्यालाच असणार.

मी डोकं धरलं. फळी अर्ध्यात अडली, कारण हा माणूस पुढे वाकेना. वेल्डरने सवयीने हात पुढे केला आणि बक्कल मिळायची वाट बघत उभा राहिला. पैलवान म्हणवणाऱ्या आमच्या गड्याने जोर लावला, स्वतः लालबुंद झाला, पण दंतवैद्य जागचा हलला नाही. तेव्हा कप्तान खाली वाकले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "डॉक्टर, जरा टाचा रोवून अंग हलकं करता का?"

आणि तो भला माणूस करायला लागला. माझ्या तळव्यांखाली त्याची मान ताठ होताना मला कळली. आता हा जरा जरी उचलला गेला असता, तर जन्मभर चाकांच्या खुर्चीत बसला असता.

"थांबा. सगळ्यांनी हात काढा," मी म्हणाले. मग त्याला विचारलं, "तुम्ही पेशंटला काय सांगता?"

"हलू नका."

"मग?"

तो हलला नाही. कप्तान कानाशी पुटपुटत होते की शर्यत खोळंबलीय, लोक बघतायत. बघू देत, म्हटलं. गाडीच्या कडेचं कवच कापायला लावलं, ट्रॅकवरचे दोन झेंडेवाले मदतीला बोलावले, फळी बोट-बोट सरकवली. प्रेक्षक कंटाळून शिट्ट्या मारायला लागले. पण माणूस सरळ बाहेर आला. इस्पितळात त्याने पायाची बोटं हलवून दाखवली, तेव्हा मी बाहेर जाऊन रडले.

पुढच्या सरावाला कप्तानांनी अहवाल वाचला: जखमीकडून अपेक्षित सहकार्य मिळालं नाही. नाचता येईना, अंगण वाकडं. मी म्हटलं, मग आज एखाद्या अनुभवी माणसानेच आत बसावं. ते ऐटीत बसले. मेव्हण्यांना मी पहिल्यांदाच उचलणाऱ्यांत घेतलं. ते हरखून गेले.

मी कप्तानांचं डोकं धरलं आणि सांगितलं की काहीही झालं तरी मदत करायची नाही. पट्टे बसले. उचला म्हटलं. कप्तान जेमतेम गाडीच्या कडेपर्यंत आले आणि तिथेच लटकले. पैलवान धापा टाकत होता. वेल्डर बक्कल चाचपत होता. मेव्हणे टाचा रोवून सवयीने स्वतःचंच अंग हलकं करत होते. कप्तानांचा हात कडेकडे गेला.

"हात खाली," मी म्हणाले.

हात खाली गेला. हेल्मेटच्या आतून त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं.

"डॉक्टरबाई, ह्यांना जमतंय ना?"

"तुम्हीच शिकवलंय," मी म्हणाले.

त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले.