जास्त मुद्द्यांना जास्त गुण

ताईने तीस वर्षं इतिहासाचे पेपर तपासले. त्यामुळे माझ्या मांडीच्या हाडातली कॅन्सरची गाठ काढून आत धातूचा सांधा बसवल्यावर पुढचे उपचार कोणते घ्यायचे, हे ठरवायलाही ती लाल पेन घेऊनच बसली.

डॉक्टरीणबाईंनी दोन पत्रकं दिली होती. पहिल्यात तीन औषधांची कीमो, ऑपरेशनआधी घेतलेलीच, पुढे चालू. दुसऱ्यात त्या तिन्हींना आणखी दोन औषधांची जोड. काढलेल्या हाडात कॅन्सरच्या जिवंत पेशी बऱ्याच सापडल्या होत्या, म्हणून हा दुसरा विचार.

मी घड्याळं दुरुस्त करतो. जास्तीचं चाक बसवून घड्याळ सुधारल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. मला तीनच औषधं हवी होती. पण आई गेल्यावर जिने मला वाढवलं, तिला नको म्हणायची छाती होत नव्हती.

ताईने रकाने आखले, प्रत्येक मुद्द्याला एक गुण दिला आणि बेरीज मारली.

"पहिलं पत्रक अकरा. दुसरं तेवीस! झालं, दुसरंच घ्यायचं."

मी कागद ओढला. "ताई, उलटीला एक गुण?"

"मुद्दा आहे ना तो?"

"तोंडात फोड, ताप, मूत्रपिंडाला त्रास... अगं, तू त्रासांनाच गुण दिलेस! दुसरं जास्त छळतं, म्हणून त्याचा पहिला नंबर आलाय."

ताईने चष्मा पुसला. "तरी मांडणी चांगली आहे त्याची." हार मानेल तर ती ताई कसली!

दुसऱ्या दिवशी तिने तो गुणतक्ता थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. बाई हसल्या नाहीत, याचं मला फार कौतुक वाटलं.

"ही तुलना रुग्णांच्या मोठ्या गटांत झालेली आहे," त्या म्हणाल्या. "पाच औषधं घेणाऱ्यांना फायदा जास्त झाला नाही. त्रास मात्र जास्त झाला."

"मग तीनच," मी एका दमात म्हणून टाकलं.

ताई त्यांच्याकडेच बघत होती. "मग आणखी काय देता येईल याला?"

"सध्या एवढंच."

"म्हणजे मी काहीच करायचं नाही?" तिचा आवाज फाटला. "तेवीसच्या तेवीस त्रास काढले असते हो मी याच्याबरोबर. पण नुसतं हातावर हात ठेवून बसायचं?"

ताईला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. दर कीमोला मी तिला 'मी मजेत आहे, तू घरी जा' म्हणून पिटाळायचो आणि नर्सना विनोद सांगत बसायचो. आता एकही विनोद सुचेना.

"ताई, सलाईन लावतात तेव्हा शेजारी बसशील? मला फार भीती वाटते गं."

तिने पाठीत सणसणीत धपाटा घातला. "हे सांगायला पाच महिने लावलेस, गाढवा?" आणि डोळे पुसत डॉक्टरीणबाईंना विचारलं, "तिथे खुर्ची असते, की मी घरून आणू?"