बावीस तोंडं

बाबांच्या टेबलावरच्या काचेच्या बशीत, गोड्या पाण्यात बावीस हायड्रा होते आणि त्यांतल्या एकालाही मज्जातंतू नव्हता. त्यांच्या पूर्वजांमधल्या, मज्जातंतू तयार करणाऱ्या पेशी बाबांनी औषध घालून मारल्या होत्या. पुढच्या पिढ्या त्यांच्या अंगातून अंकुरासारख्या तशाच फुटत गेल्या. गव्हाच्या दाण्यापेक्षा बारीक, फुगलेले, निश्चल जीव. सुईने टोचलं तरी आकसत नसत. भक्ष्य अंगावर आदळलं तरी तोंड उघडत नसत. म्हणून एकोणीस वर्षं रोज सकाळी दहाला त्यांना भरवावं लागे. चिमट्याने धरायचं, बारीक काचनळी तोंडात घालायची आणि नळीचं दुसरं टोक आपल्या ओठांत धरून झिंग्याचं टिंबाएवढं पिल्लू आत फुंकायचं. संध्याकाळी पोटात उरलेलं नळीनेच धुऊन काढायचं.

"ढेकरसुद्धा आपणच काढायची," नागाकुबोबाई म्हणाल्या. त्या बाबांच्या मदतनीस. मला शाळेत असल्यापासून ओळखतात. "तुला बाबांनी कधी घास भरवला नसेल. आणि यांचे लाड बघ."

मार्चअखेर त्या निवृत्त होणार होत्या. बशी घेणारं दुसरं कुणी नव्हतं. मिशिमा गावातलं माझं घर प्रयोगशाळेपासून सायकलवर दहा मिनिटं, तेव्हा मला सबबही नव्हती. मी भरवायचं, नाहीतर त्यांना मरू द्यायचं. मी म्हटलं, राहू दे. उपाशी राहिले तरी त्यांना काय कळणार आहे?

हेच मी जानेवारीत इस्पितळात म्हटलं होतं. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून बाबा कशालाच प्रतिसाद देत नव्हते. पोटात नळी घालून अन्न द्यायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं. बाबांनी काही लिहून ठेवलेलं नव्हतं. मी नको म्हटलं. त्यानंतर ते नऊ दिवस होते. ओल्या स्पंजाने ओठ पुसताना ते उघडायचे. नर्स म्हणाली, हे आपोआप होतं, आत कुणी मागत नसतं. मी तिच्यावर विश्वास ठेवला.

नागाकुबोबाईंनी वाद घातला नाही. "बाबांच्या फोटोपुढे रोज सकाळी भात ठेवतेस ना," त्या म्हणाल्या. "फोटोला कळतं वाटतं?"

त्या दिवसापासून भरवणं बंद झालं.

नवव्या दिवशी दहाच्या सुमारास मी बशी ओतून द्यायला गेले. खोलीत कुणी नव्हतं. झिंग्यांची बाटली पलीकडच्या खोलीत, झाकण लावून ठेवलेली. ओतण्याआधी एकदा पाहावं म्हणून बशी सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

बावीसच्या बावीस तोंडं उघडी होती. वर, जिथून नळी येते त्या बाजूला.

बाबा जेवताना सांगायचे, मज्जातंतू ही मागाहून झालेली सोय. त्याच्या कितीतरी आधी पेशी पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे चिमुकले तुकडे सोडून एकमेकींना कळवत होत्या. निरोप आधी आले, तारा नंतर. मी मान डोलवायचे आणि वाटीतलं सूप संपवायचे.

शेजारच्या बशीत साधे हायड्रा होते, मज्जातंतू असलेले. आदल्याच दिवशी पोटभर जेवलेले. मी या बशीतलं थेंबभर पाणी त्यांच्या पाण्यात सोडलं आणि आकडे मोजू लागले. साठाच्या पुढे कुठेतरी, थेंब पडला त्या कडेच्या हायड्राने तोंड उघडलं. मग त्याच्या पलीकडच्याने. मग एकामागून एक सगळ्यांनी.

मी झिंग्यांची बाटली घेऊन आले. चिमट्याची गरज पडली नाही. पहिल्याच्या तोंडात नळी घातली आणि घाईत फुंकण्याऐवजी श्वास आत ओढला गेला. बशीतलं पाणी जिभेवर आलं. चव कसलीच नव्हती. थुंकून पुन्हा नळी भरली, फुंकली. दुसरा, तिसरा. बाविसाव्याला भरवून मागे आले तर पहिल्याचं तोंड अजून उघडंच. मी त्याला पुन्हा दिलं. बाबांना किती भूक लागली असेल, हे मी तोपर्यंत कधीच मोजून पाहिलं नव्हतं. नऊ दिवस, दिवसातून तीनदा.

नागाकुबोबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या, मला कळलं नाही. त्यांनी बशीकडे पाहिलं, रिकाम्या बाटलीकडे पाहिलं आणि मग बराच वेळ माझ्याकडे.

"मिने," त्या हळूच म्हणाल्या, "तोंड मिट."

मला वाटत होतं, ते मिटलेलंच आहे.