जिपारच्या गोष्टीचा शेवट

सायरागुलला मी आधीच म्हटलं होतं, "बाई, नको त्या फंदात पडूस. वसंत ऋतूवर पाच वाक्यं फळ्यावर लिही, पोरं उतरवून घेतील, तूही सुखी, ती पोरंही सुखी." ती चौथीला शिकवायची, मी शेजारी तिसरीला. पोरं आम्हा दोघींना एजे म्हणायची, मास्तरांना आगाय. पण तिला पोरांनी स्वतःच्या गोष्टी लिहायला हव्या होत्या. "डोळ्यांनी पाहिलं ते लिहा," ती सांगायची. "आपल्याला काय वाटलं ते शेवटी. आणि वाचून झालं की ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघा. गोष्ट जमली की नाही, ते तिथं दिसतं."

पोरं खरंच लिहायला लागली. जिपार तर फारच. आई लहानपणीच गेलेली, बाप मॉस्कोत इमारतींवर कामाला. ती आपाजवळ, म्हणजे आजीजवळ, वाढत होती.

त्या आठवड्यात जिपारचा बाप परांचीवरून पडून मेला. गावाला सोमवारीच कळलं. जिपारला कुणी सांगितलं नाही. आमच्याकडे मरणाची बातमी अशी तोंडावर फेकत नाहीत. प्रेत घाट ओलांडून आलं की वडीलधारे घरी जातात, बसतात, नदीच्या पुराचं, म्हाताऱ्या घोड्याचं बोलतात आणि हळूहळू माणसाला तिथवर नेतात. पहिला हुंदका घरच्यांच्या मिठीत फुटावा, म्हणून ही रीत. तोवर सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. पोरांनासुद्धा घरोघरी दम भरला होता. तयारी मात्र सुरू होती, कारण मयताला यूर्ट, म्हणजे नमद्याचा तंबू, उभारतात आणि घोडी कापून गावजेवण घालतात; आनंदाच्या मेजवानीलाही घोडीच कापतात. कागदपत्रांपायी प्रेत मॉस्कोतच अडकलं आणि कुलूप लांबलं.

नेमका गुरुवारी सायरागुलचा खुला तास होता. मागच्या बाकांवर आम्ही शिक्षक, मधोमध हेडमास्तर तोक्तोबेक. विषय होता, 'आमच्या घरी या आठवड्यात'. तो महिन्यापूर्वीच ठरलेला. सायरागुलने बदलायला मागितला, तर तोक्तोबेक म्हणाले, "कागद जिल्ह्याला गेलाय. त्या पोरीला विचारू नकोस म्हणजे झालं."

तिने विचारलंच नाही. जिपारच हात वर करून उभी राहिली आणि खाली बसेना.

"आमच्या घरी काहीतरी चाललंय," तिने वाचायला सुरुवात केली. "काकांनी कुरणावरून घोडी खाली आणली. अजून तर बर्फही वितळलं नाही. गोठ्यामागे यूर्टच्या काठ्या आणून ठेवल्यात. विचारलं तर म्हणतात, दुरुस्तीला. शेजारच्या बायका पिठाची पोती आणून देतात आणि मला बघून गप्प होतात. माझ्या हातून आपाचा निळा वाडगा फुटला. आपा ओरडली नाही. माझी आपा ओरडली नाही! तिने माझी वेणी सोडली आणि परत घातली. बुधवारी बाबांचा फोन आला नाही. आपा म्हणते, फोनच सापडत नाही. मी पाहिलाय, पिठाच्या डब्यात आहे."

पोरीचे गाल लाल झाले होते. शेवटचं वाक्य तिने जवळजवळ ओरडूनच वाचलं.

"सगळे लपवतात, पण मी ओळखलं. बाबा येणार आहेत आणि मोठी मेजवानी आहे!"

"शाब्बास! पाचपैकी पाच!" तोक्तोबेक टाळ्या वाजवायला लागले. मागच्या बाकांवरून आम्हीही वाजवल्या. काय करणार?

जिपारने मात्र शिकवल्याप्रमाणे केलं. ती वळली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघू लागली. पहिल्या बाकावरची तिची मैत्रीण बाहीत तोंड खुपसून रडत होती.

"एजे," तिने सायरागुलला विचारलं, "शेवट चुकला का?"

"बस गं खाली, छान झालाय," तोक्तोबेक म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं, आगाय. एजेंना विचारलं."

सायरागुलने आमच्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. ती जिपारजवळ गेली, तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "हो, बाळा. चुकला."

पोरगी रडली नाही. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाली, "मग घोडी त्यासाठी आणली."

घाटावर प्रेताची गाडी आली ती शनिवारी. रीत ती रीत, म्हणून वडीलधारे तरीही गेले. सर्वांत वृद्ध असानाली आजोबा नदीच्या पुराचं बोलू लागले. जिपार म्हणाली, "राहू द्या, आजोबा. शाळेत झालं ते." आपाने ऊर बडवून घेतला. मेलेल्या लेकासाठी बडवला की हिरावलेल्या हुंदक्यासाठी, देव जाणे.

मग गावाला सायरागुल सापडली. "माझ्या मांडीवर रडायची होती ती!" आपा शाळेच्या दारात किंचाळली. "तू कोण गं मध्ये शेवट सांगणारी? शिकलीस म्हणून?" खरं बोलायचं तर आपाचंही चुकत नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला. आठवडाभर अख्खं गाव त्या पोरीला हसून फसवत होतं, आणि दोषी कोण, तर तिच्या प्रश्नाला उत्तर देणारी एकटी. तोक्तोबेकनी तर हात झटकले. "मी तर टाळ्या वाजवल्या होत्या," ते जिल्ह्याच्या साहेबांना सांगत होते.

सायरागुलचा लेखनाचा तास काढून माझ्याकडे दिला. मी फळ्यावर लिहिलं, वसंत आला. बर्फ वितळलं. डोंगरावर ट्यूलिप फुलले. मुलं आनंदी झाली. पाचवं वाक्य तुमचं तुम्ही लिहा, म्हटलं. तेवढी सूट मी देते.

जिपारचं अक्षर मोत्यासारखं. चार वाक्यं तिने झरझर उतरवली, पेन्सिल खाली ठेवली आणि हात वर केला.

"काय गं?"

"एजे, शेवट तुम्हीच सांगा. तोच लिहिते."

मी सांगितला. तिने लिहिला. मी पाचपैकी पाच दिले.